सायकलच्या ट्यूबचा पट्टा आणि मायची तबकडी

हिवरखेड,
दि. ९ फेब्रुवारी २००६

ती. सौ. सत्यभामाताई हिस,

धाकट्या जमुनाचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार सांग, आणि हे पत्र आधी त्यांच्या हातात पडलं असेल तर त्यांनी ते मुकाट्याने तुझ्याकडे द्यावं. पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच चुलीत सारलं असतंस हे मला माहीत आहे (मीही तेच केलं असतं), म्हणून पत्ता वलीभाईंच्या पोरीकडून, तुबाकडून लिहून घेतला. पोरीचं अक्षर मोत्यासारखं आहे. काकू, पत्ता मीच का लिहायचा, असं तिने विचारलं, तर मी म्हटलं चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या नाकावर होता. असो. आता उघडलंच आहेस तर पुरं वाच, तीन वर्षांचं साचलेलं आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत दुखत असतील तर करंजीचं तेल कोमट करून लावावं. भाऊजींची साखर वाढली आहे असं आमच्या दामिनीकडून कळलं. त्यांना म्हणावं, वरूडला राहून संत्री खायची नाहीत ही शिक्षा मोठी आहे, पण भोगावी. इकडे आम्ही सगळे ठीक, म्हणजे यंदा माणसाला जितकं ठीक राहता येतं तितके ठीक. कापसाचं विचारू नकोस. गावात या वर्षी काय काय झालं ते तू पेपरात वाचलंच असशील, मी पत्रात लिहिणार नाही. लग्नं निम्म्यावर आली, वलीभाईंची लाउडस्पीकरची पेटी गोणपाटाखाली पडून आहे, आणि लाइट दिवसातून बारा तास जाते. येते तेव्हाही दिव्याला काडी लावून बघावं की हा पेटला आहे ना, इतकीच येते. यांचा खोकला बरा आहे. यांचा स्वभाव आहे तसाच आहे.

पत्र लिहायचं कारण असं, की भाऊजींच्या मनात सीडी प्लेअर घ्यायचं आहे असं कानावर आलं. अशी वस्तू घेताना माणसाने आधी अनुभवी माणसाला विचारावं. आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर बावीस वर्षांपासून आहे आणि सीडी प्लेअर दिवाळीपासून, म्हणजे दोन्हींचा संसार पाहिलेलं या पंचक्रोशीत आमचं एकच घर. तेव्हा दोन्हींचे गुणदोष सविस्तर कळवावे म्हणून बसले. दामिनीच्या हळदीच्या दिवशी आपल्या दोघींत जे झालं त्याबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही, निश्चिंत राहा.

तर आधी रेकॉर्ड प्लेअर. त्र्याऐंशी साली कापसाला चांगला भाव आला तेव्हा यांनी तो अकोल्याहून आणला. राखी रंगाची पेटी, झाकणातच स्पीकर, लाइटवर चाले आणि सेलवरही चाले. दोन वर्षांत आतला रबरी पट्टा तुटला, म्हणजे जो मोटारीपासून तबकडीच्या चाकापर्यंत जातो आणि चाक फिरवतो तो. अकोल्याला जाऊन नवा आणायचा, तर यांनी आपल्या सायकलची जुनी ट्यूब घेतली, कात्रीने तिची बारीक कडी कापली आणि बसवून दिली. चाक फिरलं. त्या दिवशी यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो लग्नातही नव्हता (लग्नात मी पाहिलं होतं, अंतरपाट झिरझिरीत होता). वर सुई उडू नये म्हणून सुईच्या दांडीवर एक चाराण्याचं नाणं ठेवायची युक्तीही यांचीच. तेव्हापासून आमच्या घरची गाणी रेडिओवरच्या गाण्यांपेक्षा जरा निवांत चालतात, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. यांनी त्याचं कारणही शोधून ठेवलं होतं. रेडिओवाल्यांना मध्ये मध्ये बातम्या द्यायच्या असतात, म्हणून ते घाईघाईने गाणी उरकतात; गाणं मुळात कसं आहे ते ऐकायचं तर आमच्याकडे यावं. ताई, वीस वर्षं सगळ्या आळीने हे मान्य केलं. पार्बताबाई (आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात त्या, तू ओळखतेस) तर रेडिओवर गाणं लागलं की हळहळायच्या, “पाय बरं, कशे पळवून राहिले त्या बाईले.” मीही मान्य केलं. नवऱ्याच्या शंभर गोष्टींपैकी एखादी तरी मान्य करावी लागते, मी नेमकी ही केली.

याच मशीनमुळे बाबांनी जाताना मायची तबकडी मला दिली. तुला दिली नाही याचं तुला वाईट वाटलं असेल, पण तुझ्याकडे तेव्हा वाजवायला काही नव्हतं. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी लिहिते, कारण हा भाग मला लिहायला आवडतो. पासष्ट साली मुंबईच्या एका कंपनीची माणसं अमरावतीला दोन दिवस मशीन मांडून बसली होती, इकडच्या बायांची गाणी घ्यायला. मनकर्णाबाई नत्थुजी असं मायचं नाव त्या बशीएवढ्या तबकडीवर छापलेलं आहे. एका बाजूला जात्यावरच्या ओव्या, एका बाजूला पाळणा. पोरींना घरी ठेवून येत नाही म्हणून माय अडून बसली, तेव्हा तुला नऊ वर्षांची तिच्या समोर कोपऱ्यात बसवलं आणि मला दीड वर्षाची तुझ्या मांडीवर दिलं. हूं की चूं करायचं नाही अशी कंपनीच्या माणसाने ताकीद दिली. बाबांना खोकला होता म्हणून त्यांना दाराबाहेर काढलं. पुढच्या वर्षी माय गेली. तुझ्याकडे तिची नऊ वर्षं आहेत. माझ्याकडे दोन्ही बाजू मिळून सहा मिनिटं आहेत.

पण ती सहा मिनिटं मी किती ऐकली असतील त्याला मोजदाद नाही. सकाळची भाकर झाली की सुई टेकवायची. जाड, खोल, सावकाश आवाज. शंभर माणसांचा स्वयंपाक करूनही न थकणारी एखादी भरल्या अंगाची बाई असावी, अशी माझी माय होती. पाळणा संपला की अगदी शेवटी ती एक हुंदका देते. वर्षभराने आपण नसू हे तिला आधीच कळलं होतं, असं मी धरून चालले होते. त्या हुंदक्यापाशी मी रोज रडायची. हे सुरुवातीला घाबरले, नंतर सवयीने मला पदर हातात देऊन कामाला जाऊ लागले. आणि तू? तू माहेरपणाला यायचीस, मी कौतुकाने तबकडी लावायची, आणि तू उठून मागच्या अंगणात भांडी घासायला बसायचीस. घासलेली भांडी पुन्हा घासायचीस. मी यांना म्हणायची, ताईला मिरच्या झोंबतात.

आता हळदीच्या दिवसाबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, पण सीडी प्लेअरचं नीट कळायला ते सांगणं भाग आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. नातीच्या लग्नात आजीचा आवाज मांडवात असावा म्हणून मी आमची पेटी वलीभाईंच्या लाउडस्पीकरला जोडायला लावली. माय अर्ध्या हिवरखेडला ऐकू जात होती. तू हळदीचं ताट खाली ठेवलंस आणि सगळ्या बायांसमोर म्हणालीस, “बंद करा ते. हा मायचा आवाज नोय.” आणि मी म्हणाले, “तुले नऊ वर्षं माय भेटली, मले ही तबकडी भेटली. तेही तुयाच्यानं पाहवत नाही काय?” आणखीही बोलले. तू अक्षता न टाकता संध्याकाळच्या एसटीने निघून गेलीस. झालं, एवढंच लिहायचं होतं.

यंदाच्या दिवाळीला जवाईबापू, म्हणजे आपले शिवमराव, अमरावतीहून दामिनीला घेऊन आले आणि यांच्यासमोर सीडी प्लेअरचं खोकं ठेवलं. हे संकटात पडले. दिवाळीत सासऱ्याने जवायाला द्यायची रीत, इथे उलटंच. शिवाय जवायाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, आणि जवायाला तोंडावर उलट बोलायचं तर नाहीच नाही. त्यामुळे पुढचे तीन दिवस यांना शिवमरावांना जे जे म्हणायचं होतं ते सगळं त्यांनी वलीभाईंना ऐकवलं. शिवमराव समोर बसलेले असायचे, हे वलीभाईंकडे तोंड करून म्हणायचे, “वली, आजकालच्या मशीनमंदी काही दम नाही बरं.” वलीभाई बिचारे मान हलवायचे. ते आपल्या चहासाठी आले होते.

पण ताई, आधी त्या सीडीबद्दल लिहू दे. पापडाएवढी तबकडी. तिच्यावर एक खाच नाही, एक रेघ नाही. उन्हात तिरपी धरली की सगळे रंग तिच्या अंगावरून पळत सुटतात. पार्बताबाईंनी तिच्यात पाहून आपलं कुंकू नीट केलं आणि मग दुसऱ्या बाजूला काय गाणं आहे ते विचारलं. दुसऱ्या बाजूला काही नसतं असं कळल्यावर त्यांना कंपनीचा फार राग आला. शिवमराव म्हणाले, याला सुई नसते. खालून उजेडाची बारीक रेघ येते आणि ती तबकडी वाचते. तबकडीला काहीच टेकत नाही, म्हणून ती घासत नाही आणि झिजत नाही. मी हातातला झारा कढईत तसाच सोडला, चकल्या करपल्या. न शिवता वाचणारा उजेड! आपल्या शाळेत सगळे गुरुजी छडी टेकवून वाचायला लावायचे, आणि इथे उजेड नुसता खालून जातो आणि त्याला गाणं कळतं. मी त्या प्लेअरला हळूच नमस्कार केला. कोणी पाहिलं नाही (दामिनीने पाहिलं).

आणि शांतता! आमच्या मशीनला आधी खरखर लागते. सुई टेकली की तव्यावर मोहरी तडतडावी तसं होतं आणि माणसाला सावरून बसायला वेळ मिळतो. सीडीत तसलं काही नाही. बटण दाबलं, काहीच ऐकू येईना, हे खूश झाले, आणि एकदम हातभर अंतरावर बाई गायला लागली. पार्बताबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला.  गाणाऱ्या बाईला श्वासही घ्यावा लागतो हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

मग तेच गाणं दोन्हीवर लावून पाहायचं ठरलं. कोण जिंकलं ते विचारू नकोस. सीडीवरची बाई गाणं संपवून मोकळी झाली तेव्हा आमची तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी होती. हे वलीभाईंना म्हणाले, “हे तं रेडिओपरीसही घाईचं काम हाय.” वलीभाईंनी कपात पाहिलं. यांनी बराच विचार केला आणि निदान काढलं, की सीडीवर वजन कमी पडतं म्हणून ती इतकी पळते. शिवमराव हात धुवायला उठले तेवढ्यात यांनी झाकण उघडून ते चाराण्याचं नाणं सीडीवर ठेवलं आणि झाकण लावून बटण दाबलं. प्लेअरने असा काही आवाज काढला की बांधलेली गाय उठून उभी राहिली. शिवमरावांनी धावत येऊन झाकण उघडलं, नाणं उडालं आणि वलीभाईंच्या चहात पडलं. त्याच क्षणी लाइट गेली. यांनी अंधारलेल्या प्लेअरकडे पाहिलं, आपल्या पेटीत सहा सेल घातले आणि सावकाश सुई टेकवली. आमची बाई गायला लागली. यांनी मिशीवरून हात फिरवला.

शिवमराव पोरगा गुणी आहे. त्याने सगळं पाहिलं आणि सासऱ्याला एका शब्दाने दुखावलं नाही. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “आई, सुई दरवेळी तबकडी थोडी थोडी खरवडते. आजीचा आवाज अजून थोडे दिवस पुरेल. मंग नुसती खरखर राहीन.” ताई, वीस वर्षं रोज सकाळी, भाकरी झाल्या की, मी माझ्या हाताने मायला खरवडत होते! तिच्यावर प्रेम जितकं केलं तितकी ती झिजली. अमरावतीला गुलफामभाई म्हणून एक आहेत, राजकमल चौकाच्या मागे, ते जुन्या तबकड्या सीडीवर उतरवून देतात, असं शिवमराव म्हणाला. मी त्याच्या हाती तबकडी द्यायला तयार नव्हते. मग संक्रांत झाल्यावर मी स्वतः निघाले.

तबकडी जुन्या लुगड्यात गुंडाळली, दोन पाटांच्या मध्ये ठेवून सुतळीने बांधली आणि पोटाशी धरून एसटीत बसले. अकोटला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, सामान टपावर टाका. मी म्हटलं, हे सामान नाही, माझी माय आहे. त्याने मला बसायला जागा दिली आणि पुढे अमरावतीपर्यंत माझ्याशी फार जपून बोलला. शेजारच्या बाईने काय हो मावशी, अस्थी नेता काय, असं विचारलं. मी हो म्हटलं. एवढं सगळं कोण समजावून सांगणार?

गुलफामभाईंचं दुकान म्हणजे एक खोली, त्यात दोन कॉम्प्युटर आणि एक रेकॉर्ड प्लेअर. पण तो प्लेअर पाहून आमची पेटी मला केरसुणीच्या कोपऱ्यात ठेवावीशी वाटली. परातीएवढं जड चाक, आणि चाकाच्या कडेला सगळीकडे ठिपके. चाक फिरलं की एक लहानसा दिवा त्या ठिपक्यांवर पडतो, आणि वेग अगदी बरोबर असला तर ठिपके जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. चाक गरगर फिरतं आहे आणि ठिपके उभे! मी तीन वेळा वाकून पाहिलं. गुलफामभाईंनी मला पाहू दिलं. त्यांनी मायची तबकडी एखादं लेकरू न्हाऊ घालावं तशी पुसली आणि नाणंबिणं न ठेवता सुई टेकवली.

आणि एक पोरगी गायला लागली.

ताई, पातळ, चपळ, हसऱ्या गळ्याची एक पोरगी. ओव्या तिच्या, शब्द तिचे, आणि आवाज परका. मी भर दुकानात बोंब मारली, की माझी तबकडी बदलली, मी इथून हलणार नाही, माझे जवाई इथलेच आहेत. दोन गिऱ्हाईकं निघून गेली. गुलफामभाई शांत माणूस. त्यांनी चाक थांबवून मला नाव वाचायला लावलं: मनकर्णाबाई नत्थुजी. मी म्हटलं, मग तुमची मशीन बिघडली, आमच्या घरी ही बाई अशी गात नाही. त्यांनी घरी कोणती मशीन आहे ते विचारलं. मी सगळं सांगितलं, अभिमानाने, सायकलच्या ट्यूबसकट. त्यांनी पुन्हा सुई टेकवली आणि फिरत्या चाकाच्या कडेवर आपलं एक बोट अगदी अलगद टेकवलं. चाक जरासं मंदावलं, आणि माझी माय आली! तोच जाड, खोल, सावकाश आवाज, वीस वर्षांचा माझा. मी म्हटलं, हीच, हीच माझी माय. ते म्हणाले, “बाई, हे माझं बोट आहे.” आणि बोट उचललं. पुन्हा पोरगी.

मी त्यांना ते सात-आठ वेळा करायला लावलं. बोट टेकलं की माझी, उचललं की तुझी. बोटाखाली दोन माया, आणि मधे एका सायकलच्या ट्यूबचं अंतर. मी त्यांच्या स्टुलावर बसून राहिले. मला पहिल्यांदा हिशेब सुचला, की माय तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. आपल्या दामिनीपेक्षा पाचच वर्षांनी मोठी. मी बेचाळीसची, दोन दाढा पडलेली, आणि इतकी वर्षं मी तिला आपल्याहून मोठी धरून तिच्या आवाजाच्या पदराखाली बसत होते. खरं तर तीच कधी समोर आली असती तर मी तिला म्हटलं असतं, ये पोरी, जेवली का?

मग पाळणा लागला. मी पदर हातात घेऊन तयार बसले, कारण शेवटी हुंदका येतो. पाळणा संपला. आणि ताई, तो हुंदका नाही. माय हसते. गाणं कसंबसं संपेपर्यंत दाबून धरलेलं हसू असतं ना, तसं ते नाकातून फुटतं, आणि लगेच तबकडी संपते. मी गुलफामभाईंना पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा हसली. ज्या हसण्यावर मी वीस वर्षं रडले, त्यावर त्या दुकानात मी इतकी हसले की गुलफामभाईंनी घाबरून पाणी मागवलं. मग रडलेही, पण ते नंतर, एसटीत.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि पेटी उघडून आपल्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वलीभाईंना बोलावणं धाडलं. वलीभाईंनी तीस वर्षं लग्नांमध्ये तबकड्या वाजवल्या आहेत, त्यांना कळलं नसेल असं होईल का? मी सरळ विचारलं. ते म्हणाले, “भाभी, मालूम तं पह्यल्याच दिवशी होतं. पण खुशालभाऊनं इतक्या हौसेनं पट्टा बनवला, आता दोस्ताले कोण सांगीन? मले वाटलं, तुमाले हळू गाणंच आवडते.” एका माणसाच्या मैत्रीने आणि एका माणसाच्या हौसेने दोन बहिणींची तीन वर्षं खाल्ली. मी दोघांवर रागावणार होते. पण दोघे असे खाली मान घालून बसले होते की मी चहाच केला.

तर भाऊजींना सांग, दोन्ही मशीन आपापल्या जागी थोर आहेत. तबकडी झिजते, खरखरते, दर तीन मिनिटांनी उठायला लावते, पण गाणं कुठे पोचलं ते डोळ्यांना दिसतं. सीडी झिजत नाही, चुकत नाही, लाइट गेली की मात्र शब्द अर्धा तोंडात ठेवून गप्प होते. कानांना खरं ऐकायचं असेल तर सीडी घ्यावी. मनाला खोटं ऐकायचं असेल तर तबकडी घ्यावी, आणि पट्टा यांच्याकडून करून घ्यावा.

पार्बताबाईंनी तुला नमस्कार सांगितला आहे. मुलाबाळांना आशीर्वाद. हात दुखला म्हणून थांबते, मन दुखायचं थांबलेलं नाही.

तुझी
जमुना

ता. क. भाऊजी सीडी प्लेअर घेणार आहेत असं मला कोणी सांगितलेलं नाही. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे. मला पत्र कुठून तरी सुरू करायचं होतं.

ता. क. २. यांनी अकोल्याहून नवा पट्टा आणून बसवला. माय आता घरीही धावत गाते. पण ट्यूबचा पट्टा मी फेकू दिला नाही, डब्यात ठेवला आहे. तू रागावू नकोस, ती बाईही मला लागते. तिनेच मला वाढवलं आहे.

ता. क. ३. ताई, मांडवात तू खरं बोललीस. तो मायचा आवाज नव्हता. एकट्या तुला तो ठाऊक होता, आणि आम्ही लाउडस्पीकर लावून तुझ्या मायला तुझ्यासमोर दुसरीच कोणी करत होतो. आणि मी तुला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. माझं चुकलं. वाकून म्हणते, माझं चुकलं.

आता एकच विचारते. पाळण्याच्या शेवटी माय का हसली? बाबा दाराबाहेर होते, त्यांना ते कधी कळलं नाही. मी खोलीत होते, पण दीड वर्षाची. मी काही केलं होतं का? तू मला चिमटा काढलास का? मायने आपल्या दोघींकडे पाहिलं होतं का? हे सांगू शकेल असं माणूस आता जगात एकच उरलं आहे. पत्रात लिहू नकोस, ताई. येऊन सांग.